एल्मर जेवत नाही

माझं आणि सापांचं काही वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेले तीन महिने नॉर्बी गावात माझ्याविषयी जे बोललं जातंय त्यातलं निम्मं खोटं आहे. खरं तर बोललं जात नाहीये. आमच्या गावात कोणी कोणाविषयी बोलत नाही, फक्त चर्चच्या तळघरात तुमच्या कपात कॉफी ओतताना जरा जास्त वेळ लावतात. तर त्या कॉफीवाल्यांसाठी सांगतो, मी एल्मरला उपाशी ठेवलेलं नाही. दर शनिवारी पाच वाजता मी त्याला जेवायला विचारलं. तो नको म्हणाला.

एल्मर हा आमच्या मुलीचा, सोल्वेचा, अजगर. अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शेळी गिळून पडलेलं धूड येतं. एल्मर तसा नाही. आफ्रिकेतल्या एका छोट्या जातीचा, साडेतीन फुटांचा, तपकिरी अंगावर सोनेरी डाग असलेला गृहस्थ आहे. घाबरला की अंगाचं वेटोळं करून चेंडू होतो आणि डोकं मधोमध लपवून बसतो. स्वभावाने अगदी आमच्या मिनेसोटाचा. सोल्वे तेरा वर्षांची असताना तो आला आणि गेली अकरा वर्षं वरच्या खोलीत काचेच्या पेटीत राहतो. या अकरा वर्षांत माझी बायको मार्लिस त्या खोलीत शिरलेली नव्हती. खोली झाडायची तर उंबऱ्याबाहेर उभी राहून व्हॅक्यूमची नळी तेवढी आत सोडायची.

ऑगस्टमध्ये सोल्वेला मोठ्या सरोवरांवर खनिज वाहून नेणाऱ्या जहाजावर नोकरी लागली. जानेवारीत पाणी गोठलं की घरी. निघताना गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली.

"बाबा, एल्मर तुझ्या भरवशावर सोडून चाललेय. आईला त्याची भीती वाटते."

"तू अजिबात काळजी करू नकोस."

"आणि काही झालं तर सरळ सांगायचं. पेनीसारखं नको."

एवढं बोलून ती गेली आणि मी दारातल्या वाटेवर तसाच उभा राहिलो. पेनी म्हणजे गिनी पिग. सोल्वे आठ वर्षांची असताना, एका जानेवारीत, मी पेनीचा पिंजरा साफ करायला गराजमध्ये नेला, तेवढ्यात फोन आला, फोन लांबला, आणि आमच्याकडच्या जानेवारीत गराजमध्ये तासभर राहण्याइतका जीव पेनीत नव्हता. मी तडक फार्गोला गेलो, तशीच दुसरी आणली आणि पोरगी शाळेतून यायच्या आत पिंजऱ्यात ठेवली. संध्याकाळी सोल्वे बराच वेळ पिंजऱ्यापाशी बसून होती. "पेनी आज वेगळी दिसतेय," एवढंच म्हणाली. पुढे चार वर्षं तिने त्या जनावराला पेनीच म्हटलं. सोळा वर्षं मी समजत होतो की तिला काही कळलेलं नाही.

तेव्हा मनाशी ठरवलं, की या वेळी एल्मरच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. त्याला केस नाहीत, पण निश्चय पक्का होता.

सोल्वेने कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं. पेटी किती गरम ठेवायची, पाणी कधी बदलायचं, आणि दर शनिवारी गोठवलेला एक उंदीर कोमट पाण्यात सोडून, ऊबदार करून, लांब चिमट्याने त्याच्यापुढे धरायचा. पहिले दोन शनिवार सगळं नीट झालं, कारण तेव्हा सोल्वे घरीच होती आणि चिमटा तिच्या हातात होता. तिसऱ्या शनिवारी चिमटा माझ्या हातात आला. मी उंदीर धरला, जरा हलवला. एल्मरने मान फिरवली. पुन्हा धरला, पुन्हा हलवला. एल्मरचा चेंडू झाला. मी चिमटा खाली ठेवला. मी सत्तावीस वर्षं काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर बसतोय, माणसाला काही मान असतो की नाही?

पुढच्या शनिवारी तेच. त्यातच त्याचे डोळे निळसर, दुधाळ झाले आणि अंग राखेसारखं पडलं. मी घाबरून शेजारच्या लाइल ब्रेकीला बोलावलं. लाइल पस्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालाय आणि तेव्हापासून सल्ले देतो. कुंपणापलीकडून देतो, पण त्याच्याकडे आमच्या घराची किल्लीही आहे, त्यामुळे कधी कधी आत येऊनही देतो.

"मोतीबिंदू," तो म्हणाला.

"दोन्ही डोळ्यांना एकदम?"

"माझ्या मावशीला झाला होता. तिनेही जेवण टाकलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. गेली. पण तिचं वय झालं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस."

आठवड्याने एल्मरने अख्खी कात टाकली, पायमोजा काढावा तशी, शेपटापर्यंत. डोळे स्वच्छ, अंग नवं कोरं. मोतीबिंदू उतरल्याबद्दल लाइलने स्वतःचंच अभिनंदन केलं. म्हटलं, आता जेवेल. शनिवारी उंदीर धरला. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. चेंडू.

"एकटा पडलाय," लाइल म्हणाला. "पेटीत आरसा ठेव."

आरसा ठेवला. एल्मरने स्वतःकडे पाहिलं आणि चेंडू झाला. याचा राग येण्यासारखं काही नव्हतं, सकाळी दाढी करताना माझंही तसंच होतं. मग लाइलने रेडिओ लावायला सांगितला. साप बहिरा असतो म्हटलं, तर म्हणाला, "संगीत पायांतून जातं." त्याला पायही नाहीत म्हटल्यावर लाइल तोंड पाडून घरी गेला आणि दोन दिवस कुंपणापाशी फिरकला नाही.

दर रविवारी जहाज किनाऱ्याजवळ आलं की सोल्वेचा फोन यायचा. "एल्मर कसा आहे?"

"तसं वाईट नाही," मी म्हणायचो.

आमच्याकडे या प्रश्नाला एवढं एकच उत्तर आहे. घर जळत असताना विचारलंत तरी तेच मिळेल. पण सोल्वे माझीच पोरगी. "खातोय ना?" असं तिने विचारलं की मी म्हणायचो, "जेवणाचं मी स्वतः बघतो." यात खोटं काही नव्हतं. उंदीर तसाच कचऱ्यात जायचा, मी बघायचो. फोन ठेवला की गिनी पिग आठवायची आणि मला रात्रीचं जेवण जायचं नाही. घरात जेवण टाकणारे आता दोघे झाले होते.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी माझ्या हातून घोटाळा झाला. चर्चनंतर तळघरात आर्डिसबाई कनुट्सन माझ्यापाशी आल्या. आर्डिसबाई ऐंशीच्या घरातल्या. लहानपणी त्यांनी मला रविवारच्या शाळेत शिकवलंय. चर्चमधली, आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची यादी त्यांच्याकडे असते. गावात कोणाला काय दुखतंय हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं.

"काय रे आर्विड, घरी सगळं कसं आहे?"

मी 'तसं वाईट नाही' म्हणायला हवं होतं. पण चार आठवड्यांचं मनात साचलं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "एल्मर जेवत नाही हो."

आर्डिसबाईंनी कप खाली ठेवला. "किती दिवस झाले?"

"चार आठवडे."

"अगं बाई! वय काय?"

"अकरा… म्हणजे त्याच्या मानाने मध्यमवय."

हे त्यांनी कसं ऐकलं देव जाणे, कारण कोणीतरी मागे भांडं आपटलं. "दात आहेत का?"

"आहेत. पण चावत नाही. गिळतो."

"गिळायचा त्रास," त्यांनी यादीत लिहिलं. "घरातल्या माणसांना ओळखतो?"

"ओळख कधी दाखवलीच नाही त्याने. मी खोलीत गेलो की तोंड फिरवतो."

"तशीच असतात रे म्हातारी माणसं," माझ्या दंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. मला त्याच क्षणी खुलासा करता आला असता. पण ऐंशी वर्षांच्या बाईने डोळ्यांत पाणी आणून तुमच्या दंडावर हात ठेवला असताना 'तो साप आहे' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पुढच्या रविवारी भरल्या चर्चमध्ये आमच्या टॉलेफ्सन कुटुंबातल्या एल्मरसाठी प्रार्थना झाली. मार्लिसने माझ्याकडे बघितलं. मी भजनाचं पुस्तक उलटं धरलं होतं.

सोमवारी पहिली हॉटडिश आली. खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांचा थर, असं ते ओव्हनमधून काढलेलं प्रकरण. आमच्याकडे कोणाच्या घरी आजारपण आलं की शब्दांऐवजी हे येतं.

"एल्मरसाठी," दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "मऊ केलंय. गिळता येईल."

"नको हो, कशाला तसदी घेतलीत."

"घ्या ना."

"खरंच नको."

"अहो, घ्या."

"बरं, ठेवा मग."

हे असंच करायचं असतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट, दुसऱ्याला हो म्हणतो तो बाहेरगावचा. तिसऱ्याला हो म्हणायचं. हे आम्हाला बोलायला शिकण्याआधी शिकवतात.

त्यानंतर रोज एक येऊ लागली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची पट्टी चिकटवलेली, कारण भांडं परत करायचं असतं, आणि 'एल्मरला आवडलं का?' याचं उत्तरही त्यासोबत द्यायचं असतं. मी आणि मार्लिस एल्मरचं जेवत होतो. माझा पट्टा एक भोक पुढे गेला. गराजमधला मोठा फ्रीझर हॉटडिशांनी इतका भरला, की उंदरांची पिशवी तळाशी गेली. चाचपून एखादा काढता यायचा, पण तिथे किती उंदीर उरलेत ते बघायचं तर वरच्या, आमच्या चर्चमधल्या सगळ्या लुथेरन बायका आधी बाहेर काढाव्या लागल्या असत्या.

खरा चक्रावून टाकणारा भाग तर पुढेच आहे. उपासाने एल्मर किती उतरलाय हे बघावं म्हणून मी मार्लिसचा केक-पिठाचा काटा वर नेला आणि त्याला एका पातेल्यात बसवून वजन केलं. सोल्वेच्या कागदावर ऑगस्टमधलं वजन होतं चौदाशे ग्रॅम. काटा चौदाशे ऐंशी दाखवत होता. पातेलं वजा केलं नसेल म्हणून पुन्हा केलं. चौदाशे ऐंशीच. पुढच्या आठवड्यात पंधराशे साठ. त्याच्या पुढच्या आठवड्यात सोळाशेच्या वर.

मी हिशेब करून करून थकलो. सात आठवडे अन्नाला शिवलेला नाही आणि अंगाने भरत चाललाय! मी वहीत सगळं टिपायला लागलो. बुधवार-गुरुवार पेटीतल्या लाकडी खोडाखाली जाऊन सुस्त पडतो, हलत नाही. मंगळवारी मात्र, एकदा रजा घेऊन घरी असताना मी बघितलं, दुपारी तीनपासून काचेला नाक लावून दाराकडे बघत उभा. कशासाठी, माहीत नाही. माझं पाऊल वाजलं की चेंडू. मार्लिस उंबऱ्यात आली की मान वर. मार्लिसने हे ऐकलं आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

"त्याला तू आवडतेस की काय?" मी विचारलं.

"काहीतरीच," ती म्हणाली. "मला भीती वाटते त्याची."

शेवटी डॉक्टर गाठायचं ठरवलं. आमच्या गावचा जनावरांचा डॉक्टर गाईपासून सुरू होतो आणि कुत्र्यापाशी संपतो. सापांची डॉक्टरीण दोन तासांवरच्या शहरात. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, "पाळण्याच्या परवान्याचा क्रमांक?" तो आमच्याकडे नव्हता, म्हणून मी नगर कचेरीत गेलो. खिडकीतल्या पोरीने अर्ज दिला. कुत्रा, मांजर, इतर. 'इतर'वर खूण केली.

"रेबीजची लस टोचल्याचा दाखला?"

"सापाला रेबीज होत नाही."

"मग लागत नाही असा डॉक्टरचा दाखला आणा."

"डॉक्टर परवान्याशिवाय बघत नाही."

"आणि दाखल्याशिवाय परवाना नाही," ती गोड हसून म्हणाली. हे हसू माझ्या ओळखीचं होतं. सत्तावीस वर्षं मी माझ्या खिडकीतून लोकांना हेच हसू देत आलोय. मागच्या वर्षी तिच्याच भावाला मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या नोंदणीसाठी तीनदा परत पाठवलं होतं, हे मला जिना उतरताना आठवलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच दया येऊन 'रेबीज लागू नाही' असं न बघताच लिहून पाठवलं आणि मला परवाना मिळाला. त्यावर जात या रकान्यात 'इतर' आणि नाव या रकान्यात 'एल्मर टॉलेफ्सन' असं आहे.

डॉक्टरीणबाईंनी एल्मरला तपासलं, तोंड उघडून बघितलं, पोटावरून बोटं फिरवली, तोलला.

"सतराशे दहा. मिस्टर टॉलेफ्सन, हा उपाशी नाहीये."

"नऊ आठवडे मी त्याला घास भरवलेला नाही."

"तुम्ही नसेल," त्या म्हणाल्या. त्याही आमच्याच भागातल्या, पुढचं सरळ बोलणं त्यांच्या जिवावर आलं. "घरी आणखी कोण असतं?"

"फक्त बायको. तिला सापांची भयंकर भीती."

"असं," त्या म्हणाल्या. "वेगळंच आहे."

हा शब्द आमच्याकडे जपून वापरतात. नव्या सुनेने केलेला पदार्थ तोंडात धरवत नसेल, शेजाऱ्याने घराला जांभळा रंग काढला असेल, तर 'वेगळंच आहे' म्हणतात. याहून कडक शब्द आमच्या भाषेत नाही. परतीच्या वाटेवर दोन तास मी त्याच शब्दाचा विचार करत होतो. शेजारच्या सीटवर उशीच्या अभ्र्यात एल्मर चेंडू होऊन बसला होता. "बाबा रे, तू जगतोस तरी कशावर?" मी त्याला विचारलं. वाऱ्यावर जगणारे साधू ऐकले होते, पण तेही जाड होत नाहीत.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात, मंगळवारी, सगळं फुटलं. दर मंगळवारी चार ते सहा चर्चच्या इमारत समितीची बैठक असते. मी त्या समितीत आहे. गेली दोन वर्षं आम्ही बॉयलर बदलायचा की नाही यावर एकमेकांशी सहमत होतोय. बैठक सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तोच आर्डिसबाई दारात उभ्या. हातात निळी लोकरीची शाल.

"झाली विणून," त्या म्हणाल्या. "दहा आठवडे माणूस जेवत नाही म्हणजे आता दिवसांचा प्रश्न. चल, मला घेऊन चल त्याच्याकडे. आत्ता."

"आज नको हो आर्डिसबाई. झोपला असेल."

"मी नुसती बसेन."

"खोलीत पसारा आहे."

"आर्विड," त्या म्हणाल्या, आणि मी अंगावर कोट चढवला.

बर्फ भुरभुरत होतं. गाडीत मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा शब्दही फुटले. "आर्डिसबाई, एल्मरविषयी तुम्हाला एक सांगायचंय. तो जरा… वेगळा आहे."

"देवाला सगळे सारखे," मांडीवरची शाल नीट करत त्या म्हणाल्या.

घरी आलो. मार्लिसची हाक नाही. मी मनाशी म्हटलं, आर्विड टॉलेफ्सन, आता दार उघडायचं, आत बोट दाखवायचं आणि सरळ सांगायचं, हा एल्मर. पुढच्या रविवारी लागलंच तर गाव सोडून जाऊ. जिना चढलो. आर्डिसबाई कठडा धरून माझ्यामागे. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून मार्लिसचा आवाज येत होता.

"घे रे राजा. नको? बरं. घे ना थोडं. नको? असू दे, लाजू नकोस. घे."

मी दार ढकललं. खोलीच्या मधोमध, सोल्वेच्या खुर्चीवर, अकरा वर्षं उंबरा न ओलांडलेली माझी बायको बसली होती. हातात लांब चिमटा. चिमट्याच्या टोकाला एल्मर, आणि एल्मरच्या तोंडात उंदराचं शेपूट.

एल्मरने शांतपणे शेपूट गिळलं.

"हा एल्मर?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"हा एल्मर," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एल्मरकडे डोक्यापासून शेपटापर्यंत बघितलं. मग शालीकडे बघितलं.

"लांबीला कमी पडेल," त्या म्हणाल्या.

मार्लिस रडायला लागली. मला तिचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण तो कुठून सुरू करायचा तेच कळेना.

"तू? तुला तर भीती वाटते!"

"वाटतेच," ती नाक पुसत म्हणाली. "पण तू शनिवारी तोंड पाडून खाली यायचास आणि उंदीर कचऱ्यात टाकायचास. चौथ्या आठवड्यात मला राहवेना. तू बैठकीला गेलास आणि मी आले. थरथरत आले. त्याने घेतला."

"माझ्या हातून का नाही घेत मग?"

ती चिमटा पुसायला लागली. आर्डिसबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मार्लिस, सांग."

"तू दोनदा विचारतोस, आर्विड," ती हळूच म्हणाली. "दारातून बघितलंय मी. दोनदा विचारतोस आणि चिमटा खाली ठेवतोस. दोनदा विचारल्यावर या गावात कोण हो म्हणतं?"

मी सोल्वेच्या पलंगावर बसलो. बारशापासून शिकलेली गोष्ट. सापाला कशाला तिसऱ्यांदा विचारायचं, असं मला वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं. जो अकरा वर्षं घरात राहिला, त्याला मी बाहेरगावच्यासारखं विचारत होतो.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

आर्डिसबाईंनी शाल घडी करून पेटीच्या झाकणावर ठेवली. मी जिन्यात त्यांची माफी मागायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "यादीतून नाव काढत नाही मी. आता फक्त 'जेवत नाही' खोडून 'जास्त जेवतो' लिहिते." माझ्या घरातून निघून तासाभरात ही बातमी गावभर गेली असणार, कारण संध्याकाळी लाइल न बोलावता आला. बूट दारात काढून तो बराच वेळ पायमोज्यांकडे बघत उभा राहिला.

"मीही दिलेत," तो म्हणाला. "तीन-चार. गुरुवारी, तुम्ही दोघं कामावर असताना. किल्ली होती. तुझ्याकडे बघवेना रे."

म्हणजे मंगळवारी मार्लिस, गुरुवारी लाइल, आणि शनिवारी पाच वाजता, कोट झाडून, चिमटा घेऊन, पोट फुटेपर्यंत जेवलेल्या एल्मरपुढे मी. बिचाऱ्याने चेंडू व्हायचं नाही तर काय करायचं? डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी तीन आठवडे संपूर्ण उपास सांगितला आणि 'वेगळंच' हा शब्द पुन्हा वापरला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

रविवारी फोन वाजला. मार्लिसने उचलला नाही. माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली.

"एल्मर कसा आहे बाबा?"

जिभेवर 'तसं' आलं होतं. तिथेच थांबवलं.

"सोल्वे, मला जमलं नाही. दहा आठवडे माझ्या हातून त्याने काही घेतलं नाही. तुझी आई चोरून भरवते, लाइलही भरवतो, आणि तो आता सतराशेच्या वर गेलाय. मी तुला प्रत्येक रविवारी टोलवत होतो."

पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आणि पेनी गराजमध्ये गोठून मेली," मी म्हणालो. "मी फोनवर बोलत बसलो होतो. दुसरी फार्गोहून आणली. ती कपाटामागच्या अंगणात पुरलीय, लायलॅकच्या झुडपाखाली. म्हणजे पहिली. मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"कपाटामागे अंगण नसतं, बाबा."

"गराजच्या मागे. बघ, नीट बोलताही येईना मला."

ती हसली का रडली ते इंजिनामुळे कळलं नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"पेनीच्या डाव्या पायाला पांढरा डाग होता," ती म्हणाली. "दुसरीच्या उजव्या. मी वाट बघत होते तू कधी सांगतोस."

"सोळा वर्षं?"

"आणि आई मला ऑक्टोबरपासून एल्मरचं वजन कळवतेय. त्याचीही वाट बघत होते. बरं, थँक्सगिव्हिंगला जहाज डुलुथला थांबतंय. चार दिवस. मी घरी येऊ का?"

"अगं नको. रस्त्यावर बर्फ आहे, पाच तास गाडी चालवायची. एल्मर मजेत आहे."

"येते ना."

"खरंच नको, दगदग होईल तुला. आम्ही दोघं आहोत, फ्रीझर भरलेला आहे."

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला.

"बाबा," सोल्वे म्हणाली, "येऊ का?"

"ये," मी म्हणालो.